श्रोणितळ भौतिकोपचार

श्रोणितळ भौतिकोपचार ही भौतिकोपचाराची (फिजिओथेरपीची) एक शाखा आहे. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे दौर्बल्य, अतिताण किंवा त्यांच्या हालचालींतील विसंगती यांतून निर्माण होणाऱ्या तक्रारींवर या शाखेत व्यायाम, श्वसनाचे शिक्षण, दैनंदिन सवयींतील बदल आणि काही साध्या उपकरणांच्या साह्याने उपचार केले जातात. खोकताना वा ओझे उचलताना लघवी गळणे, गर्भाशय किंवा मूत्राशय खाली सरकणे, मलविसर्जनाच्या अडचणी, बाळंतपणानंतरची कंबरदुखी, शरीरसंबंधाच्या वेळच्या वेदना आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवणारे मूत्रनियंत्रणाचे प्रश्न ही तिची प्रमुख क्षेत्रे होत. या तक्रारी स्त्रियांमध्ये अधिक आढळतात. त्या लाजेपोटी दडवल्या जात असल्यामुळे उपचार उपलब्ध असूनही त्यांचा लाभ फार थोड्या जणींपर्यंत पोहोचतो.

नाव आणि परिभाषा

‘श्रोणी’ हा संस्कृत शब्द कंबरेखालच्या, नितंबांच्या भागासाठी वापरला जात असे. मराठी वैद्यकीय परिभाषेत दोन्ही बाजूंची कटिअस्थी, पाठीमागील त्रिकास्थी आणि तिच्या टोकाचे माकडहाड यांनी बनलेल्या हाडांच्या कड्याला श्रोणी म्हटले जाते. या कड्याचा खालचा भाग मोकळा असून तो स्नायूंनी व स्नायुबंधांनी झाकलेला असतो. हे आच्छादन म्हणजे श्रोणितळ. व्यवहारात ‘ओटीपोट’ हा शब्द रूढ आहे. लुगड्याच्या ज्या ओच्यात नारळ-तांदळाची ओटी भरली जाते, त्याच्या मागचे पोट ते ओटीपोट, अशी त्याची सहज उकल होते.

परिभाषा आणि बोली यांच्यातील अंतर या विषयात विशेष जाणवते. पाठ्यपुस्तकातील ‘गर्भाशयभ्रंश’ खेड्यातील स्त्री ‘अंग बाहेर येणे’ किंवा ‘पिशवी खाली येणे’ असे सांगते, आणि ‘मूत्र असंयम’ तिच्या तोंडी ‘लघवी धरवत नाही’ असा येतो. अनेकदा तेवढेही सांगितले जात नाही. ‘कंबर धरते’, ‘ओटीपोटात ओढल्यासारखे होते’ अशा आडवळणाच्या शब्दांत तक्रार मांडली जाते आणि मूळ दुखणे बाजूला राहून कंबरेला लावायचे मलम हाती पडते. दुखणे ‘अंगावर काढणे’ हा मराठीतील वाक्प्रचार या विकारांना जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल.

रचना व कार्य

श्रोणितळाचे मुख्य स्नायू पुढील जघनास्थीपासून मागील माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या समूहाला लेव्हेटर एनाय असे म्हणतात. त्याचे तीन भाग मानले जातात. त्यांपैकी एक भाग गुदाशयाला मागून वेढा घालतो आणि त्याला पुढे ओढून धरतो. या ओढीमुळे मलमार्गाला बाक येतो व मल रोखला जातो. स्त्रियांमध्ये या झोळीतून मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग असे तीन मार्ग बाहेर पडतात, तर पुरुषांमध्ये दोन. त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जारज्जू-खंडांतून निघणारी प्युडेंडल मज्जा या प्रदेशाचे नियंत्रण करते.

या स्नायूंची कामे एकमेकांच्या विरुद्ध वाटावीत अशी आहेत. मूत्राशय, गर्भाशय व मलाशय यांना खालून आधार देण्यासाठी ते दिवसभर किंचित आकुंचित राहतात. शिंक वा खोकला आला, की पोटातील दाब वाढण्यापूर्वीच क्षणार्धात आवळतात. लघवी, मलविसर्जन व प्रसूतीच्या वेळी मात्र त्यांनी सैल पडावे लागते. म्हणून निरोगी श्रोणितळ म्हणजे केवळ घट्ट श्रोणितळ नव्हे. वेळेवर आवळणे आणि वेळेवर सैल होणे ही दोन्ही कौशल्ये त्यात येतात.

श्वसनाशी असलेले त्यांचे नाते भौतिकोपचारात महत्त्वाचे मानले जाते. श्वास आत घेताना छाती व पोट यांमधील मध्यपटल खाली येते आणि श्रोणितळ किंचित खाली झुकतो. उच्छ्वासाबरोबर दोन्ही वर उचलले जातात. श्वास कोंडून ओझे उचलल्यास वरून आलेला सगळा दाब तळावर पडतो.

विकारांची कारणे

योनिमार्गे होणारी प्रसूती हे सर्वांत ठळक कारण आहे. बाळाचे डोके बाहेर येताना लेव्हेटर एनायचा आतील भाग आपल्या मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो, असे संगणकीय प्रतिकृतींवरून दिसून आले आहे. बहुतेक स्त्रियांमध्ये हा स्नायू पुढील काही महिन्यांत सावरतो. परंतु लांबलेली प्रसूती, चिमट्याचा वापर, मोठ्या वजनाचे बाळ, पाठोपाठची बाळंतपणे किंवा स्नायू हाडापासून सुटणे यांमुळे आधार कायमचा ढिला पडू शकतो. रजोनिवृत्तीनंतर ऊतींची लवचीकता घटते. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लठ्ठपणा आणि सततची जड ओझी यांचीही त्यात भर पडते. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचा खोकला हा या अर्थाने केवळ छातीचा विकार राहत नाही.

लघवी गळण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. खोकणे, हसणे, शिंकणे, ओझे उचलणे अशा ताणाच्या क्षणी गळणारी लघवी हा पहिला प्रकार. दुसऱ्यात अचानक तीव्र भावना होते आणि मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच लघवी होते. दोन्ही प्रकार एकाच व्यक्तीत असू शकतात, पण उपचारांचा भर मात्र वेगवेगळा असतो.

अवयव खाली सरकण्याच्या विकारात मूत्राशय पुढून, मलाशय मागून किंवा गर्भाशय वरून योनिमार्गात उतरते. सौम्य अवस्थेत संध्याकाळी जडपणा जाणवतो, आडवे झाल्यावर तो कमी होतो. पुढच्या अवस्थांत मांसल गोळा बाहेर हाताला लागतो.

याउलट काही व्यक्तींमध्ये हे स्नायू सतत आखडलेले असतात. ओटीपोटातील जुनाट वेदना, शरीरसंबंधाच्या वेळी होणारा त्रास, योनिआकर्ष, लघवी सुरू होण्यास वेळ लागणे आणि कुंथूनही मल न उतरणे ही त्याची लक्षणे आहेत. नवविवाहितेच्या बाबतीत अशा वेदनांचा दोष तिच्या स्वभावाला दिला जातो. प्रत्यक्षात तिथे स्नायू सैल करायला शिकवण्याची गरज असते.

तपासणी

भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम सविस्तर विचारपूस करतात : बाळंतपणे किती व कशी झाली, दिवसातून किती वेळा लघवीला जावे लागते, पाणी किती प्यायले जाते, शौचाला कुंथावे लागते का, दिवसभर कोणती कामे करावी लागतात. अनेकदा दोन-तीन दिवसांची लघवीची नोंदवही ठेवण्यास सांगितले जाते. लिहिता न येणाऱ्या रुग्णांसाठी रेघोट्या मारण्याची किंवा खडे वेगळे ठेवण्याची युक्तीही पुरेशी असते.

त्यानंतर रुग्णाच्या स्पष्ट संमतीने, पडदा व एकांत राखून, हातमोजा घातलेल्या बोटाने स्नायूंची ताकद अजमावली जाते. तिचे मापन शून्य ते पाच या श्रेणीत करतात. शून्य म्हणजे कोणतेही आकुंचन नाही, आणि पाच म्हणजे प्रतिकार करूनही टिकणारे जोमदार आकुंचन. आकुंचन किती सेकंद टिकते, किती वेळा करता येते आणि स्नायू पुरता सैल पडतो का, हेही पाहिले जाते. ही तपासणी रुग्णाने नाकारली तरी उपचार अडत नाहीत. बाहेरून निरीक्षण करून किंवा पोटावरील सोनोग्राफीच्या साह्यानेही बराच अंदाज येतो. अविवाहित मुलींच्या बाबतीत सामान्यतः बाहेरूनच तपासले जाते.

उपचारपद्धती

श्रोणितळाचा व्यायाम जगभर ‘केगेल व्यायाम’ या नावाने ओळखला जातो. वायू सुटू नये म्हणून गुदद्वार जसे आवळले जाते, तसे ते आवळून पुढे मूत्रमार्गापर्यंतचा भाग आत आणि वर ओढून घ्यायचा, सहा ते आठ सेकंद धरायचा आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचा, असे त्याचे स्थूल वर्णन करता येते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ताणजन्य किंवा मिश्र प्रकारच्या मूत्र असंयमावर किमान ३ महिने तज्ज्ञांच्या देखरेखीखालील व्यायाम हा पहिला उपचार असावा, आणि त्यात दिवसातून ३ वेळा प्रत्येकी किमान ८ आकुंचने असावीत. सुरुवातीला हा व्यायाम आडवे पडून, मग बसून आणि शेवटी उभे राहून व काम करताना केला जातो. धिम्या आकुंचनांबरोबर झटपट आवळून सोडण्याची आकुंचनेही शिकवली जातात, कारण शिंक पूर्वसूचना देऊन येत नाही.

हा व्यायाम दिसायला सोपा असला तरी केवळ तोंडी सांगून तो अनेकींना जमत नाही. अमेरिकेत १९९१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन आकुंचन करण्यास सांगितले गेले. त्यांपैकी २३ जणींनाच ते योग्य रीतीने करता आले, तर १२ जणींची पद्धत लघवी गळण्यास उलट हातभार लावणारी होती. श्वास कोंडणे, मांड्या व नितंब आवळणे, पोट फुगवणे आणि वर ओढण्याऐवजी खाली कुंथणे या नेहमीच्या चुका आहेत. लघवी करताना धार मध्येच थांबवणे हा व्यायामाचा प्रकार म्हणून वरचेवर करू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्याची सवय बिघडू शकते.

ओझे उचलण्यापूर्वी, खोकण्यापूर्वी किंवा उठून उभे राहण्यापूर्वी क्षणभर आधी श्रोणितळ आवळून घेणे, हे स्वतंत्र कौशल्य म्हणून शिकवले जाते. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एका आठवड्याच्या सरावानेही खोकताना होणारी गळती घटल्याचे दिसले. डोक्यावर घागर किंवा वैरणीचा बिंडा घेणाऱ्या स्त्रीसाठी याचा अर्थ असा : गुडघ्यांत वाकावे, ओझे अंगाजवळ घ्यावे, तळ आवळावा आणि श्वास सोडत उठावे. भारा उचलून द्यायला दुसरे कोणी असल्यास उत्तमच.

अचानक भावना होणाऱ्या प्रकारात मूत्राशयाला वळण लावले जाते. भावना होताच धावत न सुटता थांबावे, तळ काही वेळा झटपट आवळावा, भावनेची लाट ओसरू द्यावी आणि मग जावे. अशा रीतीने दोन वेळांमधील अंतर हळूहळू वाढवले जाते. लघवी होऊ नये म्हणून पाणी कमी पिण्याची सवय येथे नुकसानकारक ठरते. दाट लघवीने मूत्राशयाचा दाह वाढतो, जंतुसंसर्गाला वाव मिळतो आणि बद्धकोष्ठही होते. शेतात आडोसा नसल्यामुळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी टाळणाऱ्या स्त्रियांना केवळ ‘पाणी प्या’ असे सांगून भागत नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

बद्धकोष्ठात उकिडवे बसणे उपयोगी पडते, कारण या स्थितीत मलमार्गाचा बाक कमी होतो. कमोड वापरणाऱ्यांना पायांखाली छोटा पाट घेऊन तोच परिणाम साधता येतो. आखडलेल्या स्नायूंसाठी दीर्घ श्वसन, ताण देण्याचे व्यायाम, हाताने केलेले मर्दन आणि क्रमाक्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या नळ्यांचा वापर केला जातो. आकुंचन पडद्यावर दाखवणारी जैवप्रतिसाद यंत्रे व सौम्य विद्युत् उद्दीपन ही पूरक साधने आहेत. ती नसल्यास उपचार होऊ शकत नाही असे नाही. अवयव खाली सरकलेल्या स्त्रियांना डॉक्टर सिलिकॉनचे कडे (पेसरी) बसवून देतात, आणि व्यायाम त्याच्या जोडीने चालू ठेवता येतो.

परिणामकारकता

कोक्रेन या संस्थेच्या २०१८मधील आढाव्यात १४ देशांतील ३१ चाचण्यांचा व १,८१७ स्त्रियांचा समावेश होता. ताणजन्य गळती असलेल्यांपैकी व्यायाम करणाऱ्या गटात ५६ टक्के स्त्रियांनी बरे झाल्याचे सांगितले, तर उपचार न घेतलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. अवयव सरकण्याच्या विकाराबाबत ४४७ स्त्रियांवर केलेली बहुकेंद्री चाचणी २०१४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. व्यक्तिगत मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्या स्त्रियांची लक्षणे एका वर्षानंतर अधिक कमी झालेली आढळली. पूर्ण बाहेर आलेले गर्भाशय मात्र व्यायामाने आत जात नाही. तेथे पेसरी किंवा शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो.

इतिहास

तळाचे स्नायू जाणीवपूर्वक आवळण्याची क्रिया भारतीय योगपरंपरेत पूर्वापार आहे. ‘हठयोगप्रदीपिके’त मूलबंध सांगितला आहे, तर ‘घेरंडसंहिते’त अश्विनी मुद्रा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंधाचे वर्णन येते. या साधनांचा हेतू आध्यात्मिक होता, लघवीची गळती थांबवणे हा नव्हता, म्हणून त्यांना आधुनिक उपचाराचे मूळ म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि स्नायूंची हालचाल बरीच सारखी आहे, आणि मूलबंध ठाऊक असलेल्या वयस्कर रुग्णांना व्यायाम समजावताना त्याचा आधार घेता येतो.

आधुनिक काळात ब्रिटिश नर्तकी व भौतिकोपचारतज्ज्ञ मार्गारेट मॉरिस यांनी १९३०च्या दशकात बाळंतिणींसाठी अशा व्यायामांचा पुरस्कार केला. १९४८मध्ये अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी आकुंचनाचा दाब मोजणारे उपकरण वापरून पद्धतशीर व्यायामाचे निष्कर्ष मांडले आणि व्यायामाला त्यांचे नाव चिकटले.

महाराष्ट्रात या विकारांवरील लक्ष प्रथम शस्त्रक्रियेकडे वळले. गोव्यातील शिरोडे येथे जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) गर्भाशयमुखाला टाका घालण्याच्या शस्त्रक्रियेमुळे जगभर ओळखले जातात. गर्भाशय न काढता ते वर टांगून धरण्याची शस्त्रक्रियाही त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. मुंबईचेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी त्याच उद्देशाने दुसरी पद्धत रूढ केली. भारतात हा विकार ऐन तरुण वयातही आढळत असल्याने मातृत्वाची शक्यता जपणाऱ्या शस्त्रक्रियांची येथे विशेष गरज होती. भौतिकोपचाराचे शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाले. त्यामागे पोलिओच्या रुग्णांची निकड होती, त्यामुळे हातापायांच्या पुनर्वसनाला अग्रक्रम मिळाला आणि श्रोणितळ बराच काळ मागे राहिला.

ग्रामीण महाराष्ट्रातील स्थिती

डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते, आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हे आकडे सर्व प्रकारच्या स्त्रीरोगांचे आहेत, केवळ श्रोणितळाचे नाहीत. ‘कोणी सांगत नाही म्हणजे आजार नाही’ हा समज मात्र त्यांनी मोडून काढला.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील नेसरी (तालुका गडहिंग्लज) हे गाव १६७४मध्ये सेनापती प्रतापराव गुजर यांना आलेल्या वीरमरणामुळे इतिहासात ठाऊक आहे. या परिसरातील शेतीची कामे पाहिली, की श्रोणितळावरील भार सहज ध्यानात येतो. पावसाळ्यात चिखलात तासन्‌तास कंबरेत वाकून भाताची रोपलावण, त्यानंतर उकिडवे बसून भांगलण, सुगीत पेंढ्या व पोत्यांची उचल, उसाच्या मोळ्या आणि वर्षभर शेणाची बुट्टी व वैरण. यांतील उकिडवे बसणे हा दोष नव्हे. श्वास कोंडून, पुनःपुन्हा, विश्रांतीविना उचललेले ओझे त्रासदायक ठरते.

बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये, हा जुना रिवाज ताणलेल्या ऊतींना सावरायला अवधी देणारा होता. परंतु रोजगारावर पोट असणाऱ्या घरांत तो पूर्वीही पुरता पाळला जात नव्हता. पोट घट्ट बांधण्याची प्रथा कंबरेला आधार देते. पट्टा फार आवळला तर पोटातील दाब खालच्या बाजूस ढकलला जातो, म्हणून भौतिकोपचारतज्ज्ञ तो सैलसर व थोड्या काळापुरताच बांधण्यास सांगतात. हलका श्वसनाचा व तळाचा व्यायाम साध्या प्रसूतीनंतर काही दिवसांतच, दुखत नसेल तेवढा, सुरू करता येतो. जड कामाला मात्र अवधी द्यावा लागतो.

अशा गावांतून श्रोणितळाचे प्रशिक्षण असलेल्या तज्ज्ञाकडे जायचे, तर गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय गाठून तेथून अनेकदा कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचा वा एखाद्या भौतिकोपचार महाविद्यालयाचा रस्ता धरावा लागतो. एसटीने जाऊन येण्यात दिवस मोडतो व त्या दिवसाचा रोजगार बुडतो. सोबत कोणाला न्यावे आणि घरी कारण काय सांगावे, हा प्रश्न वेगळाच. तीन महिन्यांच्या व्यायामासाठी वरचेवर फेऱ्या घालणे बहुतेकींना परवडत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत पद्धत नीट शिकवून पुढची चौकशी दूरध्वनीवरून करणे, आणि गावातील आशा सेविका व परिचारिका यांना प्राथमिक प्रशिक्षण देणे, हे मार्ग अधिक व्यवहार्य ठरतात.

उपचारांचे सौम्य पर्याय ठाऊक नसण्याची किंमत बीड जिल्ह्यात दिसून आली. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे साधारण सहांत एक. त्यामागे मजुरी बुडण्याची भीती, खासगी रुग्णालयांचे सल्ले, अंगावरून जाणे, पोटदुखी अशी अनेक कारणे गुंतलेली होती, आणि भौतिकोपचाराने त्या सर्व तक्रारी सुटल्या असत्या असा दावा करता येत नाही. तथापि गर्भाशय काढल्याने ओटीपोटाचा तळ बळकट होत नाही. ज्या स्नायूंवर मोळी उचलण्याचा भार पडतो ते शस्त्रक्रियेनंतरही तेवढेच दुर्बल राहतात, आणि पुढे योनिमार्गाचा वरचा भागच खाली उतरण्याचा धोका असतो.

दक्षता

श्रोणितळाचा प्रत्येक त्रास आवळण्याच्या व्यायामाने बरा होत नाही. वेदना हे मुख्य लक्षण असलेल्या, स्नायू आधीच आखडलेल्या व्यक्तींना या व्यायामाने त्रास वाढू शकतो. म्हणून चित्रफिती पाहून स्वतःहून सुरुवात करण्यापूर्वी एकदा तरी तपासणी होणे इष्ट असते. लघवीतून रक्त जाणे, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणे, ताप व थंडीसह लघवीला जळजळ होणे किंवा बाहेर आलेल्या भागावर जखम होणे या लक्षणांत प्रथम डॉक्टरांकडे जावे लागते. मांड्यांच्या आतील व गुदद्वाराभोवतालच्या भागास बधिरता येऊन अचानक लघवी अडली, तर मज्जातंतूंवर दाब आल्याची शक्यता असते. अशा रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते.